फोन मुका, इंटरनेट बोलतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमचा लँडलाइन मुका झाला. रिसीव्हर उचलला की आधी खरखर, दोन दिवसांनी तीही नाही. गंमत अशी, की त्याच तारेवरचं डीएसएल (म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येणारं) इंटरनेट चालूच होतं. रखडत, मध्येच तुटत, पण चालू. तक्रार दोनदा नोंदवली आणि दोन्ही वेळा ती 'सेवा सुरळीत' या शेऱ्यासह बंद झाली. कंपनीला तिकडून आमचा मॉडेम दिसत होता ना!

बाराव्या दिवशी लाइनमन आले. जिन्याखालची डीपी, म्हणजे इमारतीतल्या फोनच्या तारा जोडायची पेटी, उघडून त्यांनी आमच्या जोडीतली एक तार नुसती बोटाने हलवली, तर ती हातातच आली. सांध्यावर हिरवट गंज. म्हणाले, "काका, एक पाय गेलाय. फोनला दोन्ही पाय लागतात, नेट लंगडत का होईना चालतं." डायल टोनसाठी एक्स्चेंजमधली साधारण ४८ व्होल्टची वीज एका तारेने येऊन दुसरीने परत जावी लागते. इंटरनेटचे संकेत मात्र इतक्या वरच्या वारंवारतेचे असतात, की तुटलेल्या जागेतूनही ते थोडेफार पलीकडे पोचू शकतात.

फोन दुरुस्त झाला. पण त्यावर आता कर्ज आणि विमा विकणाऱ्यांखेरीज कोणी येत नाही. म्हणून फोन बंद करून फक्त इंटरनेट ठेवावं, असा अर्ज घेऊन कंपनीच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "फोन बंद केलात तर नेटपण बंद होणार, काका. टेक्निकली शक्यच नाही." मी बारा दिवसांची हकीकत सांगितली. त्यावर उत्तर आलं, "ते फॉल्टमुळे चाललं." फॉल्टमध्ये चालतं ते धड तारेवर का चालू नये, हे विचारेपर्यंत त्यांनी पुढचा टोकन नंबर पुकारला होता.

वस्तुस्थिती अशी आहे. माणसाचं बोलणं तारेवरचा सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचा वारंवारतेचा पट्टा वापरतं. एडीएसएल, म्हणजे घरोघरी येणारं नेहमीचं डीएसएल, २५ किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होऊन १.१ मेगाहर्ट्झपर्यंत जातं, त्याची पुढची आवृत्ती २.२ पर्यंत. घरातली स्प्लिटरची पांढरी डबी हे दोन पट्टे वेगळे करते. एक्स्चेंजमध्येही आवाज एकीकडे आणि डेटा दुसरीकडे जातो. आवाजाची जोडणी काढली तरी डेटाची राहू शकते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनीत फोनविना डीएसएल रीतसर विकलं गेलं आहे. म्हणजे लागते ती एक्स्चेंजपर्यंतची अखंड तांब्याची जोडी. डायल टोन किंवा फोन नंबर लागत नाही.

कंपनीची बाजू अगदीच खोटी आहे असं नाही. फोन असो वा नसो, तारेची देखभाल तेवढीच, आणि तो खर्च कुठून तरी निघायला हवा. शिवाय फोनमुळे तारेतून जो थोडा प्रवाह वाहतो, तो सांध्यांवर साचणारा गंजाचा पातळ थर भेदून जोडणी टिकवायला मदत करतो. नुसत्या डेटाच्या तारेवर म्हणूनच काही ठिकाणी वेगळा बारीक प्रवाह सोडावा लागतो. हे सांगा, भाडं सांगा, 'आमचा नियम आहे' म्हणा. आम्ही ऐकून घेऊ. नियमाला तंत्राचा मुखवटा कशाला?

या गोंधळात 'लाइन' या शब्दाचाही हात आहे. तार, नंबर, डायल टोन, सगळ्याला आपण लाइनच म्हणतो. आमच्याच मजल्यावरच्या एका वहिनींनी, फोन गेला तरी इंटरनेट राहील अशा उलट समजुतीने, फोन परत केला आणि मुलाचा प्रवेशअर्ज भरायच्या आदल्या दिवशी इंटरनेट गेलं. 'हा नंबर बंद केल्यास इंटरनेटही बंद होईल', एवढी एक ओळ बिलावर छापली असती तर पोराला रात्री सायबर कॅफे शोधत फिरावं लागलं नसतं.

फायबर घ्या, असं सगळेच सुचवतात. त्यात तांब्याची तारच नसल्याने हा प्रश्न उरत नाही, हे खरं. पण वीज गेली की घरातली फायबरची डबीही मिटते. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळते. २६ जुलै २००५ च्या रात्री इमारतीत दिवे नव्हते, मोबाइल लागत नव्हते, आणि आमच्या या फोनसमोर चार मजल्यांची रांग होती. सौभाग्यवती त्याच रात्रीचा दाखला देऊन फोन काढू देत नाहीत.

तेव्हा तूर्त फोन ठेवला आहे. अर्जाला अजून लेखी उत्तर आलेलं नाही, आणि कालपासून रिसीव्हरमध्ये पुन्हा खरखर येते आहे.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई