"मामा, ह्या रेघा कसल्या?" असं विचारणाऱ्या लिफ्टवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुम्ही आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या सर्व्हिसिंगला आला होतात आणि मी जिन्यात उभा राहून फोनवर कुणाच्या तरी नावाने शंख करत होतो. विषय होता माझ्या गाळ्यातल्या लेथच्या ड्राइव्हचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डब्याचा. तो सारखा बंद पडत होता. फोन ठेवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिफ्टलाही तोच असतो. सुटल्यावर येऊन बघतो." मुंबईत 'बघतो'चा अर्थ काय असतो हे माहीत असल्यामुळे मी काही वाट बघत बसलो नाही. साडेसातला तुम्ही गाळ्याच्या दारात हजर!

त्याआधी तिघे येऊन गेले होते. पहिल्याने स्क्रीनवर 'ओव्हर व्होल्टेज' वाचलं, लाइनच्या नावाने बोटं मोडली आणि मला स्टॅबिलायझर घ्यायला लावला. तो हल्ली कोपऱ्यात असतो, आम्ही त्यावर जेवणाचे डबे ठेवतो. दुसऱ्याने रिसेट दाबला, छोट्या चकवर (कापायचा तुकडा पकडून फिरणारा पंजा तो चक) मशीन रिकामं फिरवून दाखवलं आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. संध्याकाळी ड्राइव्ह पुन्हा ट्रिप. तिसऱ्याने कव्हरसुद्धा उघडलं नाही. नव्या ड्राइव्हचं कोटेशन मात्र तासाभरात पाठवलं.

तिघेही बोलले ते माझ्याशी. त्या लेथवर ३१ वर्षं उभ्या असलेल्या आमच्या टर्नर मामांना दुसरा एवढंच म्हणाला, "जरा बाजूला व्हा." आणि पॅनेलच्या दारावर खडूच्या रेघा होत्या, नेमका त्यांच्यावरच आपला स्टिकर चिकटवून गेला.

तुम्ही मेन बंद केलात आणि आमच्या पोऱ्याचा पुढे आलेला हात धरलात. "थांब रे. मेन बंद केला तरी आत ६०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरू दे." दहा मिनिटं थांबायचं होतं. दुसरा कुणी मोबाइल काढला असता. तुम्ही स्टूल ओढून मामांशेजारी बसलात, स्टिकरखालून डोकावणाऱ्या खडूकडे बोट केलंत आणि विचारलंत, "मामा, ह्या रेघा कसल्या?"

मामांनी आधी माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं, जॉब, म्हणजे तयार झालेले नग, मोजतात. मामा म्हणाले, "जेवढ्या वेळा गेला तेवढ्या रेघा. बाजूला 'मो' म्हणजे मोठा चक." एकूण १४ रेघा, आणि प्रत्येकीपुढे 'मो'. "कापताना कधी जात नाही. थांबवतानाच जातो."

तुम्ही हसलात. "मामा, अर्धं काम तुम्हीच करून ठेवलंय."

पुढचं तुम्ही आम्हाला शाळेतल्यासारखं समजावलंत. जड चक फिरत असताना ड्राइव्ह त्याला आवरायला लागला की मोटरचाच जनरेटर होतो आणि वीज उलटी ड्राइव्हमध्ये येते. ती जाळायला ब्रेक रेझिस्टर असतो. तो वीज घेत नसेल तर आतला व्होल्टेज ८०० च्या घरात चढतो आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवायला बंद पडतो. लाइनचा काडीचा संबंध नाही! आमचा रेझिस्टर पॅनेलच्या मागे तेल आणि बिडाच्या धुळीने माखलेला. त्याची वायर थिंबलपाशी, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणापाशी, जळून सुटलेली. एक थिंबल, वीतभर वायर. बस्स.

फुकट काही केलं नाहीत हेही बरं केलंत. तीनशे रुपये सांगितलेत, तीनशेच घेतलेत. उपकाराचं ओझं नाही, आणि कोटेशनचंही नाही.

पण मला राहून राहून आठवतात ते मामा. तुम्ही "मामा" म्हणून विचारलंत तेव्हा त्यांनी कापसाच्या वेस्टने आधी हात पुसले, मग उत्तर दिलं. गेली कित्येक वर्षं मी त्यांना फक्त "झालं का?" एवढंच विचारत आलोय. लाज वाटली. माणसाला विचारायला काय लागतं हो? डिग्री तर नक्कीच लागत नाही.

आता दोन महिने झाले, रेघा १४ च आहेत. स्टिकर मामांनी ब्लेडने खरवडून काढला.

आणि एक निरोप आहे. तुम्ही जाता जाता म्हणाला होतात की लिफ्टची गाइड रेल लावताना ओळंबा लागतो आणि तुमचा हरवलाय. मामांनी पितळेच्या तुकड्यातून एक करून ठेवलाय, मोठ्या चकवरच. ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळून आहे. मला हात लावू देत नाहीत. येऊन घेऊन जा.

तुमचा,
गाळेवाला