काकांच्या कर्जाचे कागद

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

ट्रस्टीकडून, म्हणजे काकांच्या कर्जाची तडजोड बघणाऱ्या सरकारी परवानाधारकाकडून, आलेले कागद नीट वाचले. आई, काकांचं दिवाळं निघालेलं नाही, हे आधी मनातून काढून टाक. कॅनडाच्या कायद्यात किमान 1,000 डॉलर देणं असेल आणि ते वेळेवर फेडता येत नसेल, तर माणसाला 'इनसॉल्व्हंट' म्हणतात. ती झाली परिस्थिती. 'बँकरप्सी', म्हणजे दिवाळं, मात्र रीतसर दाखल करावी लागते, आणि काकांनी ती केलेली नाही. त्यांनी 'कन्झ्युमर प्रपोजल' दिलंय, म्हणजे तडजोड. राहत्या घराचं कर्ज सोडून देणं अडीच लाख डॉलरपर्यंत असेल तरच ते देता येतं आणि जास्तीत जास्त 5 वर्षांत फेडावं लागतं. समजा 60,000 डॉलर देणं आहे आणि दरमहा 400 कबूल केले, तर 60 महिन्यांत 24,000 भरून बाकीचं माफ. वर व्याज नाही, ट्रस्टीची फीसुद्धा त्यातूनच जाते. धनकोंना उत्तरासाठी 45 दिवस असतात. तेवढ्यात पुरेशा धनकोंनी सभा मागितली नाही, तर प्रस्ताव मंजूर धरतात. 3 महिन्यांचे हप्ते थकले की प्रस्ताव रद्द होतो आणि जुनं देणं पुन्हा उभं राहतं, म्हणून काकांना झेपेल एवढाच हप्ता हवा.

बाबा, आता तुमचं. तुमची भूमिका दुहेरी आहे. तुम्ही काकांना हातउसने पैसे दिलेत, म्हणून तुम्हीही धनको. सोबतचा 'प्रूफ ऑफ क्लेम', म्हणजे तुमचं येणं असल्याच्या दाव्याचा फॉर्म भरा, पैसे खात्यातून गेल्याचं बँक स्टेटमेंट जोडा. सख्खा भाऊ असल्यामुळे तुम्हाला प्रस्तावाच्या बाजूने मत देता येत नाही, विरोधात तेवढं देता येतं. तेव्हा मत देऊच नका.

दुसरी भूमिका जास्त काळजीची आहे. काकांच्या बँकेच्या कर्जावर तुम्ही को-साइन केलंय, म्हणजे त्यांच्यासोबत फेडीची हमी घेऊन सही केलीय. प्रपोजल दाखल होताच 'स्टे ऑफ प्रोसीडिंग्ज' लागतो, म्हणजे वसुलीचे फोन, पगारातली कपात, दावे थांबतात. पण हे संरक्षण फक्त काकांना. बँक उरलेली रक्कम तुमच्याकडे मागू शकते, आणि ते कायदेशीर आहे. पत्राची वाट न पाहता बँकेला स्वतः फोन करा, नेमकी बाकी लेखी मागा, हप्ता ठरवून घ्या. घर त्या कर्जाला तारण नाही, पण हप्ते थकले तर बँक तुमच्यावर दावा लावू शकते.

आणि काका मायेपोटी म्हणतील, "दादा, तुझे तेवढे गुपचूप आधी देतो." घेऊ नका. उद्या प्रपोजल फसून बँकरप्सी झालीच, तर ट्रस्टी मागचे व्यवहार तपासतो. परक्या धनकोला झुकतं माप दिलंय का, हे 3 महिन्यांपर्यंत बघतात. सख्ख्या नात्यात 12 महिने मागे जातात आणि दिलेले पैसे परत मागता येतात.

बँकरप्सी पहिलीच असेल आणि उत्पन्न सरकारी मर्यादेत असेल, तर साधारण 9 महिन्यांत 'डिस्चार्ज', म्हणजे देण्यातून सुटका, मिळतो. मर्यादेपेक्षा महिन्याला 200 डॉलर किंवा जास्त उरत असतील, तर जादा रकमेचा अर्धा भाग भरावा लागतो आणि मुदत 21 महिने होते. मुलांची पोटगी, कोर्टाचे दंड आणि फसवणुकीचं देणं यातून सुटत नाही.

"कर्ज अर्धं करून देतो" असं सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्या सल्लागारांना काकांनी दारात उभं करू नये. हे काम फक्त सरकारी परवान्याचा ट्रस्टीच करू शकतो, आणि पहिली भेट बहुधा फुकट असते.

फॉर्मवर सही करण्याआधी मला फोटो पाठवा. रक्कम दोघं मिळून ताडून बघू.

तुमची लेक