लॉनचं टक्कल करू नका हो

मा. संपादक साहेब,
नमस्कार. एप्रिल लागला की पेपरात उष्माघात, कूलर, पन्हं सगळ्यावर छापून येतं, पण लॉनवर कोणी चकार शब्द लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी नागपूरचा, फ्लॅट स्कीममध्ये राहतो, खाली साधारण २००० स्क्वेअर फूट लॉन आहे आणि मागच्या मे महिन्यात ते आम्ही स्वतःच्या हातानं भाजून काढलं.

झालं असं की एका मेंबरकडे रिसेप्शन होतं, लॉन नीट दिसावं म्हणून मशीन अगदी खाली सेट करून कटिंग केलं, झिरो मारल्यासारखं. आठ दिवसांत माती दिसायला लागली, मग कोणीतरी युरिया आणला आणि भर दुपारी मुठीनं फेकला, वर पाणी पण नाही दिलं. जिथे जिथे मूठ पडली तिथे तिथे बशीएवढे करपलेले डाग! त्यात एक काकू कूलरचं उरलेलं पाणी रोज एकाच कोपऱ्यात ओतायच्या, वाया जाऊ नये म्हणून, पण त्या पाण्यात क्षार किती साचलेले असतात ते कूलरच्या पॅडवरची पांढरी खपली बघितली तरी कळतं. तो कोपरा सगळ्यात आधी गेला.

पाणी रोज संध्याकाळी मारत होतो बरं का, दहा मिनिटं पाइप फिरवला की सगळ्यांना छान वाटायचं. एकदा मी स्क्रूड्रायव्हर खुपसून बघितला तर वरचं अर्धा इंच ओलं आणि खाली दगड. आमचे माळीभाऊ म्हणाले, "साहेब, या हरळीला मारता मारता आमच्या शेतात दोन पिढ्या खपल्या, तुम्ही एका महिन्यात करून दाखवलं." काय बोलणार!

यावर्षी सगळं त्यांच्यावर सोडलंय. गवत दोन-अडीच इंच ठेवतात, एका वेळी एक तृतीयांशच्या वर कापत नाहीत, कारण पात्यांची सावली मातीवर पडते आणि मुळं पण खोल राहतात, आणि कापलेला बारीक चुरा तिथेच पडू देतात. पाणी आठवड्यातून दोनदाच पण भरपूर, पहाटे पाच वाजता, ऊन तापायच्या आत. आपली काळी माती, भेगा पडल्या की पाणी सरळ भेगेतून खाली जातं आणि फुगली की वरून वाहून जातं, म्हणून एकदम न देता अर्धं पाणी, मध्ये तासभर गॅप, मग उरलेलं. किती पडलं ते बघायला श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवतो, दोन वेळचं मिळून आठवड्याला एक इंच. एक इंच म्हणजे आमच्या लॉनला ४७०० लिटरच्या आसपास, जवळजवळ एक टँकर, हा हिशोब मीटिंगमध्ये मांडला तेव्हा कुठे लोकांनी ऐकलं. चालून गेलं आणि पावलाचा ठसा तसाच राहिला, गवत उठलं नाही, की समजायचं तहान लागलीये. त्याच्या आधी नळ सोडायचा नाही. खत पाऊस पडेपर्यंत बंद.

आता तक्रार. आमच्या भागातल्या एका बागेत दुपारी एक वाजता स्प्रिंकलर चालू असतात, ४४ डिग्रीत, वारा सुटला की निम्मं पाणी रस्त्यावर. आणि हे पिण्याचं पाणी की प्रक्रिया केलेलं, तेही बोर्डवर लिहिलेलं नाही. संबंधितांनी निदान टायमर तरी पहाटेचा लावावा, त्याला बजेट लागत नाही.

टँकरचा हिशोब बघून आम्ही गेटजवळचा तुकडा यंदा पाण्याविना सोडलाय, पूर्ण पिवळा पडलाय, दोन मेंबर रोज नाक मुरडतात. पण खाली काड्या जिवंत आहेत, नखानं खरवडलं की आत हिरवं दिसतं. नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) जाऊ द्या, दोन पाऊस पडू द्या, मग फोटो काढायला या.

आपला एक वाचक,
नागपूर