फॉर्मवरचं ते 'नाही' खोड

मिरज,
रविवार, रात्र

चि. सौ. छकुली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले सगळे कागद मी दोनदा वाचले. पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेला खर्चाचा अंदाज, तुझे रक्ताचे रिपोर्ट आणि तू भरलेला तो चार पानी फॉर्म. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हो गं आई" म्हणून पुढे सरकतेस, आणि मला जे सांगायचंय ते असं उरकून सांगण्यासारखं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सैल कातडी काढायचं ऑपरेशन करू नकोस, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मागच्या मे महिन्यात तू आली होतीस, तेव्हा एका रात्री पाणी प्यायला उठले तर तू न्हाणीघराच्या दाराशी बसून पोटाच्या घडीखाली मऊ कापडाची पट्टी सरकवत होतीस. आतली कातडी लालभडक, सोललेली. मी आवाज न करता परत फिरले. ११२ किलोंवरून ७१ वर येणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. वजन कमी करायला पोट लहान करण्याच्या त्या स्लीव्हच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं तू वाटीने मोजून जेवलीस. वजन गेलं, पण ताणलेली कातडी मागे राहिली. ती चालून जात नाही, पळून जात नाही, मलम लावून तर नाहीच नाही. तुझ्या काकू "आता या वयात कशाला ही हौस" म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं. ही हौस नाही. तू कमावलेलं शरीर तुला नीट वापरता यायला हवं, एवढंच आहे.

माझी काळजी त्या अंदाजपत्रकातल्या एका ओळीपुरती आहे: 'पोट, छाती, दोन्ही दंड, दोन्ही मांड्या; एकाच सिटिंगमध्ये; अंदाजे ८ ते ९ तास.' आणि तिच्या शेजारी तू पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा. १२ डिसेंबरला मुंबईत उतरणार, १५ ला ऑपरेशन, ५ जानेवारीला परत नेवार्कचं विमान. तुझी सुट्टी तेवढीच आहे, पिल्लूची शाळा आहे, सगळं कळतं. पण या तारखा तुझ्या ऑफिसने ठरवल्यात. तुझ्या शरीराला कुणी विचारलेलंच नाही.

एकत्र करण्यात फायदा नाही असं नाही. भूल एकदाच, सुट्टी एकदाच, ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, भाडं एकदाच, दुखणंही एकदाच. पोट आणि छाती एकत्र करणं आता सर्रास चालतं, आणि पेशंट तब्येतीने ठीक असेल, हात बसलेला सर्जन असेल तर ते चांगलं पारही पडतं. दोन सर्जन दोन बाजूंनी काम करत असतील तर वेळ आणखी कमी होतो. तेव्हा 'एकत्र की वेगवेगळं' असा सरसकट प्रश्नच नाही. काय कशाबरोबर, आणि किती वेळ, हा प्रश्न आहे.

एकतीस वर्षं मी सिस्टर म्हणून ओटीत भिंतीवरचं घड्याळ बघत काढली, म्हणून वेळेबद्दल थोडं सांगते. भूल दिल्यावर पहिल्या तासातच शरीराच्या आतलं तापमान एक-दीड अंशाने उतरतं. एका जागेचं ऑपरेशन असेल तर बाकीचं अंग झाकून, ऊब देऊन ते सांभाळता येतं. पण पोट, छाती, दंड आणि मांड्या उघड्या टाकल्यावर झाकायला उरतं काय? गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, जखमेत जंतू सहज धरतात. शिवाय प्रत्येक जागेतून थोडं थोडं रक्त जातं. वेगवेगळं बघितलं तर 'फार नाही', आणि बेरीज केली की बरंच. तुझं हिमोग्लोबिन १०.१ आहे, छकुली. एका जागेला कदाचित चालून जाईल, चार जागांना नाही. म्हणून निवडीच्या, म्हणजे तातडी नसलेल्या, ऑपरेशनांत शक्यतो सहा तासांच्या आत उरकावं, असं जाणते सर्जन म्हणतात. तू राहतेस त्याच देशात, अमेरिकेत, फ्लोरिडा राज्याने क्लिनिकमधल्या ऑपरेशनांसाठी नियमच केला आहे. सौंदर्याच्या सगळ्या शस्त्रक्रिया मिळून आठ तासांच्या वर नेमायच्या नाहीत. नुसतं लायपोसक्शन असेल तर चार लिटरपर्यंत चरबी काढता येते, पण टमी टकबरोबर, म्हणजे पोटाची सैल कातडी काढण्याच्या ऑपरेशनबरोबर, करायचं असेल तर एकच लिटर. चाराचं एक का झालं, याचा तू विचार कर.

त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. टमी टकमध्ये पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत खालून मोकळी करतात. मधून वर येणाऱ्या रक्तवाहिन्या त्यात कापल्या जातात, आणि ती कातडी मग दोन्ही कडांनी येणाऱ्या रक्तावर जगते. त्याच दिवशी तिथेच जोरात चरबी ओढली, तर उरलेला पुरवठाही तुटू शकतो. मग टाक्यांच्या वर, अगदी मधोमध, कातडी आधी जांभळी आणि नंतर काळी पडते. त्यानंतरची महिनाभराची ड्रेसिंगं मी केली आहेत. ती बाई दर वेळी डोळ्यांवर पदर घ्यायची.

आणखी एक पेशंट आहे, जिच्याबद्दल घरात मी कधी बोलले नाही. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही. पोट आणि छाती ठरलं होतं. पाच तास होत आले, छातीचे शेवटचे टाके चालू होते, आणि सर्जन म्हणाले, "आता टेबलवर आहेच, तर दंडही करून टाकू, परत भूल कशाला." भूलतज्ज्ञ काही बोलले नाहीत. मीही नाही. दंडांनी आणखी पावणेतीन तास घेतले. बाई कुडकुडत बाहेर आली. हात दुखतात म्हणून तिला टेकून उठता येईना, पोट ओढतं म्हणून पोटाच्या जोरावरही उठता येईना, म्हणून ती दोन दिवस पडूनच राहिली. तिसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत गेली आणि दम लागून खाली बसली. पोटरीतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. ती वाचली, अकरा दिवस आयसीयूत काढून. पण त्या दुपारी मी घड्याळाकडे बघून "सर, किती वेळ झाला" एवढं म्हणू शकले असते, आणि म्हणाले नाही.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही. गुठळीची गोष्ट आपल्या घरातलीच आहे, म्हणून लिहिते.

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर विचारलंय, 'कुटुंबात कुणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे का?' तू 'नाही' लिहिलंस. तुझी चूक नाही, तुला जे माहीत आहे तेच तू लिहिलंस. २०१८ मध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तू सातव्या महिन्यात होतीस. तुला आम्ही सांगितलं, "पायाला जरा सूज आहे, म्हणून घरी सोडायला उशीर." ती सूज नव्हती. पायाच्या शिरेत गुठळी होती. नंतर सहा महिने त्यांनी रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या घेतल्या. तू व्हिडिओ कॉल केलास की मी त्यांच्या पायावर चादर टाकायची. परदेशात पोर एकटी, त्यात दिवस गेलेले, तिला कशाला घोर, असं वाटलं. पण नेमकी तेव्हाच ही माहिती तुझ्या डॉक्टरांना हवी होती, कारण गरोदरपणात गुठळीचा धोका वाढतो. मी सिस्टर असून हे लपवलं. देवाच्या दयेने काही झालं नाही. त्याबद्दल मला माफ कर.

आता हिशेब बघ. गुठळीचा धोका मोजायला कॅप्रिनी नावाची गुणांची पद्धत आहे, चांगले सर्जन ती वापरतात. वय ४१ चा एक गुण. वजन उंचीच्या मानाने अजून जास्त आहे, त्याचा एक. पाऊण तासापेक्षा मोठं ऑपरेशन, दोन. तू पाळीसाठी घेतेस त्या हार्मोनच्या गोळ्या, एक. इथवर पाच. घरात गुठळीचा इतिहास, त्याचे एकदम तीन. आठ झाले. सात आणि त्याच्या पुढे गेलं की अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेचा सल्ला असा की धोका कमी करण्याचे उपाय बघा. त्यात ऑपरेशनचा वेळ कमी ठेवणं आणि हार्मोन बंद करणं ही नावं घेऊन सांगितलेली आहेत. नंतर रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनंही द्यावी लागतात. तुझ्या त्या 'नाही'मुळे पुण्याच्या डॉक्टरांनी तुला पाचात धरलंय.

टमी टक हे मुळातच गुठळीच्या बाबतीत सौंदर्याच्या ऑपरेशनांतलं जोखमीचं मानतात. आतले स्नायू ओढून शिवले की पोटातला दाब वाढतो, पायांतलं रक्त वर चढायला अडतं, आणि पेशंट वाकून, कमी चालतो. त्याच्या आधी तीन दिवस पंधरा तासांचं विमान, नंतर एकविसाव्या दिवशी पुन्हा तेच. नको गं.

मला जे बरं वाटतं ते सांगते. डॉक्टरांशी बोलताना हेच पुढे ठेव, ते वेगळं म्हणाले तर का म्हणतात तेही विचार. पहिल्या खेपेला पोट. तुझा खरा त्रास तिथेच आहे, पुरळ तिथेच, पाठही त्यानेच दुखते. हिमोग्लोबिन बारावर आलं, गुठळीचा बंदोबस्त ठरला आणि दोन सर्जन असले, तर छाती बरोबर करायला माझी ना नाही. दंड आणि मांड्या निदान तीन महिन्यांनी, सहा झाले तर आणखी चांगलं. मांडीची जखम जांघेत येते, शौचाला बसताना ताणते, ओली राहते, ती एकटी असली तरच नीट सांभाळता येते. शिवाय पोटाची कातडी खाली ओढायची आणि त्याच दिवशी मांडीची वर, म्हणजे दोन्ही टाके एकमेकांना खेचणार. दुसऱ्या खेपेचा आणखी एक फायदा असा की पहिल्या वेळी कडेला राहिलेली कातडीची शेपटी, कमी-जास्त झालेला व्रण, तेही त्याच भुलेत नीट करून घेता येतं.

हार्मोनच्या गोळ्या कधी बंद करायच्या ते तिथल्या डॉक्टरांना विचार, साधारण चार आठवडे आधी थांबवतात. लोहाचं औषध आजच सुरू कर. प्रथिनं रोज ६०-८० ग्रॅम तरी पोटात जाऊ देत. स्लीव्हनंतर तुझं पोट चिमुकलं झालंय, म्हणून पहिला घास पनीरचा, अंड्याचा किंवा मासळीचा घे, भात शेवटी.

आणि पुण्याच्या डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचार. भूलतज्ज्ञ कोण, ते मला आधी तपासणार का? अमेरिकेत कान्ये वेस्ट या गायकाची आई डोंडा वेस्ट २००७ मध्ये अशीच, चरबी, पोट आणि छाती एकत्र केल्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. तिला हृदयाचा आजार होता. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये तिच्या नावाने कायदा केला, की अशा ऑपरेशनआधी पेशंटची शारीरिक तपासणी झालीच पाहिजे. तुला मात्र अजून कुणी हात लावून तपासलेलं नाही, सगळं फोटोंवर ठरलंय. दुसरा प्रश्न: वेळ लांबली तर किती वाजता थांबणार, आणि काय सोडून देणार? हे आधी कागदावर घे. टेबलवर तू झोपलेली असशील, तेव्हा "आता आहेच तर" म्हणणाऱ्याला अडवायला तिथे कुणी नसेल.

दोन खेपांना खर्च वाढेल, विमानाचंही भाडं दुसऱ्यांदा. विमा यात काही देणार नाही, आणि १८ टक्के जीएसटी वेगळा. बाबा म्हणतात, गावाकडच्या प्लॉटचे पैसे पडून आहेत, त्यातून दुसरी खेप करू. तू नको म्हणशील, पण तो विषय तू त्यांच्याशीच काढ. दुसऱ्या खेपेला पिल्लूसाठी मी तिकडे येऊन राहते. आणि पहिल्या खेपेनंतर सहा आठवडे तिला उचलायचंही नाहीये तुला.

सध्या एकच कर. तो फॉर्म काढ, तिसऱ्या पानावरचं 'नाही' खोड, 'वडील, २०१८, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर' असं लिही आणि डॉक्टरांना पुन्हा पाठव. मग त्यांनी नवी योजना काय दिली ते मला कळव. जावईबापूंना आशीर्वाद, पिल्लूला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. हे पत्र लिहितेय ते बाबांना सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर विचारतील कुठला पाय, तर तिला सांग, डावा. गुडघ्याच्या वर होती."