लाल टोपीची सिरिंज

आदरणीय मॅडम,

पुतळ्याला पेशंट मानून सराव करायच्या आपल्या नर्सिंग प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी तुमच्याभोवती एवढी गर्दी होती की धड बोलता आलं नाही. माझी संध्याकाळची ड्युटी होती, धंतोलीला पळत पोचले आणि मनातलं मनातच राहिलं. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

पलंगावर पुतळा, शेजारी मॉनिटर, काचेपलीकडे तुम्ही. ‘पेशंट’ची साखर वाढलेली, ऑर्डर १० युनिट इन्सुलिनची. फोन वाजतोय, नातेवाईक झालेली आमचीच एक सिस्टर अंगावर ओरडतेय. मी ट्रेमधली लाल टोपीची सिरिंज उचलली, दहाच्या रेघेपर्यंत भरली आणि दिलं. तुम्ही घड्याळ तासभर पुढे नेलंत. पुतळा तुमच्या आवाजात म्हणाला, “सिस्टर, घाम फुटलाय, हातपाय थरथरतात.” साखर ४८ वर घसरलेली.

व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, १०० ची होती, एका मिलीत १०० युनिट. लाल टोपी ४० च्या इन्सुलिनसाठी, १०० साठी नारिंगी. लाल सिरिंजमध्ये दहाच्या रेघेवर पाव मिली येतं, म्हणजे दहाऐवजी २५ युनिट गेले. बारा वर्षांच्या नोकरीत हे मला तोंडपाठ होतं, तरी झालं.

मी मान खाली घालून उभी राहिले. पूर्वी एका रुग्णालयात माझ्याकडून औषधाची वेळ चुकली, तेव्हा नातेवाईकांसमोर अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशी बोलणी खावी लागली होती. त्यातून मी एकच शिकले होते, चूक झाली तर सांगायची नाही. तुम्ही मात्र खुर्च्या गोल मांडायला लावल्यात आणि विचारलंत, “त्या वेळी तुला काय काय दिसत होतं?” मी आठवून आठवून सांगितलं. फोन. ओरडणारी बाई. सिरिंजवरची रेघ. व्हायलवरचा आकडा त्यात नव्हताच. मग तुम्ही विचारलंत, “दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये का होत्या?” मॅडम, इतक्या वर्षांत ट्रेबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. मला त्या दिवशी रडू आलं ते त्यामुळे.

बाकीही पुष्कळ शिकवलंत. हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबताना ५ ते ६ सेंटीमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दंड भरून यायच्या आत, दोन मिनिटांनी, दुसरीला पुढे घ्यायचं. तेही हातात बसलंय. पण पत्र लिहायला बसले ते मागच्या महिन्यातल्या एका नाईटमुळे.

काटोलकडचे एक काका, संत्र्याची बाग असलेले. मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून इन्सुलिन आणून दिलं. पहाटे चारला कॉरिडॉरमध्ये गलका, आणि माझा हात सवयीने लाल टोपीकडे गेला. तुम्ही लावलेल्या सवयीने मी मोठ्याने वाचायला लागले, “व्हायल १००, सिरिंज...” पुढचं वाक्य तोंडातून निघेना. समोरच्या ज्युनियर मुलीने न बोलता नारिंगी टोपीची पुढे केली.

इन्चार्ज सिस्टरना सकाळी ओव्हर, म्हणजे ड्युटीचा ताबा, देताना मी हे स्वतःहून सांगितलं. त्याच दिवशी दोन्ही सिरिंजचे कप्पे वेगळे झाले.

काका तेव्हा उठून बसले होते, तर्री पोहे मिळतील का विचारत होते. रात्री काय टळलं ते त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या वाटचे आभारही मीच मानते.

तुमची विद्यार्थिनी,
एक स्टाफ नर्स, नागपूर