कोलकात्यात काय बघशील

नागपूर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवार मोकळा असतो पण जायचं कुठे ते सुचत नाही, असं तू म्हणालीस. फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी इंडियन म्युझियम. पार्क स्ट्रीट मेट्रोला उतर, तिथून जवळच आहे. टॅक्सीवाल्याला ‘जादूघर’ सांगितलंस तरी चालेल. एशियाटिक सोसायटीने १८१४ साली सुरू केलेलं हे देशातलं सगळ्यात जुनं संग्रहालय. आपल्या नागपूरचं संग्रहालय, अजब बंगला, १८६३ चं. ममीपाशी गर्दी असते. तू थेट भारहुतच्या दालनात जा आणि तिथेच वेळ काढ.

भारहुत म्हणजे जबलपूरच्या पलीकडे, सतन्याजवळ. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला तिथला स्तूप. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम १८७३ साली तिथे पोचला तोवर गावकऱ्यांनी घरांसाठी विटा काढून नेल्या होत्या. उरलेला तांबड्या दगडाचा कठडा आणि तोरण आता या दालनात उभं आहे. त्यात जेतवनाचं, म्हणजे बुद्धाला दान मिळालेल्या बागेचं, एक गोल शिल्प शोध. बैल सोडलेत, गाडी मोकळी पडलीय, माणसं जमिनीवर चौकोनी नाणी फरशीसारखी अंथरतायत, आणि अनाथपिंडिक नावाचा व्यापारी दानाचं उदक सोडायला हातात झारी घेऊन उभा आहे. खाली ब्राह्मी लिपीत लिहिलंय की कोटी नाणी अंथरून त्याने ही बाग विकत घेतली आणि दान दिली. बुद्ध मात्र माणसाच्या रूपात कुठेच दिसणार नाही. रिकामं आसन, झाड, पावलं, एवढंच. ते कोरणाऱ्यांचा हा संयम मला फार मोठा वाटतो.

आणि खांबांवरचे छोटे लेख बघ. कुणी काय दान दिलं ते त्यांत कोरलंय. भारहुतच्या दात्यांत नाशिकची एक बाई आहे, करहकट गावचे लोक आहेत. करहकट म्हणजे आपलं कऱ्हाड, असं अभ्यासक मानतात. आगगाडी नव्हती, मोटार नव्हती, तरी एवढ्या लांबून!

व्हिक्टोरिया मेमोरियलला मैत्रिणी नेतीलच. १९२१ साली खुलं झालं, मकराण्याचा संगमरवर आहे, बाग सुंदर आहे. दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात.

पण बागबाजारला नक्की जा. तिथे ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही. पुढे बुजवला आणि त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बघण्यासारखं तिथे आता काही नाही, तरी जा.

आपण नागपूरचे. महालातल्या वाड्यासमोरून जाताना रघुजीराजांचा अभिमानच वाटतो आपल्याला. १७५१ च्या तहात ओडिशा मिळाला, बारा लाखांची चौथ ठरली, हे आपण शिकतो. त्या स्वाऱ्यांत बंगालची खेडी जळाली, शेतकरी-विणकर देशोधडीला लागले, ते आपल्याला कुणी सांगत नाही. तिथल्या अंगाईत अजून बर्गी येतात, आणि बर्गी म्हणजे आपलेच घोडेस्वार. कुणी मैत्रीण ती अंगाई म्हणून दाखवेल तेव्हा वाद घालू नकोस. तिच्या आजीने काय सांगितलं ते विचार.

त्याच बंगालमध्ये १९०४ साली रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली, सखाराम गणेश देऊस्करांच्या पुस्तिकेसाठी. देऊस्कर मराठी घरातले, पण सगळं लेखन बंगालीत. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ नोकरीनिमित्त आपल्याकडे राहिले आणि त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. खंदकाची गल्ली बघितल्यावर हे सगळं वेगळंच वाटतं, म्हणून ती आधी बघ म्हणते.

या भावंडांचं घर जोडासांकोला आहे, गिरीश पार्क मेट्रोजवळ. रवींद्रनाथ जन्मले तिथेच आणि १९४१ साली गेलेही तिथेच. ते मात्र एकटीने बघू नकोस. डिसेंबरात मी आणि बाबा गीतांजलीने येतोय, तेव्हा तिघं मिळून जाऊ. बाबांना तिकिटं काढायला सांगितलंय. तुझ्या सुट्टीच्या तारखा तेवढ्या लगेच कळव.

तुझी,
आई