शैला, हातात ती पट्टी घाल

सातारा

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

काय सोसत नाही ते कोरलेली पट्टी मनगटावर घाल, असं मी फोनवर म्हटलं आणि तू विषय बदललास, म्हणून लिहायला बसले. तू 'बरं, बघू' म्हणतेस आणि लगेच मुक्ताच्या स्थळांकडे वळतेस. पत्र निदान तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तुझं म्हणणं मी नीट ऐकून घेतलंय. कुठलं औषध सोसत नाही ते तुला पाठ आहे, पर्समध्ये डॉक्टरांची चिठ्ठी आहे, मोबाइल कायम जवळ असतो, मग मनगटावर पाटी कशाला लावून फिरायची? हे झालं पहिलं कारण. दुसरं तू आवाज खाली आणून सांगितलंस, त्याच्याकडे नंतर येते.

त्या दिवशी काय झालं ते तूच मला सांगितलंस. गुडघ्यासाठी दुखण्याचं इंजेक्शन घेतलंस, बाहेर बाकावर येऊन बसलीस, आणि थोड्याच वेळात तळहात खाजायला लागले, नाक गळायला लागलं, छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. शेजारी बसलेल्या भाऊजींना 'मला कसंतरी होतंय' एवढं म्हणायलाही तोंडातून शब्द फुटेना. दवाखाना दहा पावलांवर होता म्हणून निभावलं. मग पुढच्या वेळी तू स्वतः सांगशील हे कशाच्या भरवशावर म्हणतेस?

पर्सचं म्हणशील, तर तुझी पर्स गाडीच्या डिकीत असते. देव करो आणि तसं न होवो, पण रस्त्यात पडलीस तर तू १०८ च्या गाडीत असशील आणि डिकी रस्त्याच्या कडेला. मोबाइलमध्ये मात्र एक सोय आहे ती आजच मुक्ताकडून भरून घे. कुलूप न उघडता 'इमर्जन्सी'वर दाबलं की आजार, औषधं, घरच्यांचे नंबर दिसतात. पण पडताना स्क्रीन फुटते, चार्जिंग संपलेलं असतं, आणि उचलायला धावलेला माणूस तुझा फोन चाचपडत बसत नाही. नाडी बघायला मनगट मात्र कुणीतरी धरतंच. म्हणून ही पट्टी मनगटावर घालतात.

आता त्या चिठ्ठीविषयी. तू मला तिचा फोटो पाठवलास तेव्हापासून मला स्वस्थता नाही. तिच्यावर फक्त 'डायक्लोफेनॅक', म्हणजे त्या इंजेक्शनातलं औषध, एवढंच लिहिलंय. तुझी अडचण एका औषधाची नाही, शैला. नाकातल्या कोंबाचं ऑपरेशन झालं, पुढे दमा लागला, आणि आता हे. तुझ्या छातीच्या डॉक्टरांनी ही तिन्ही एकत्र जोडून दाखवली तेव्हा तू म्हणालीस, 'नाकाचा आणि गुडघ्याच्या इंजेक्शनचा काय संबंध?' संबंध जुना आहे. फ्रान्सच्या विडाल या डॉक्टरांनी १९२२ सालीच तो नोंदवला होता. ही औषधं दुखणं थांबवायला शरीरातलं एक रसायन अडवतात. तुमच्यासारख्यांच्या बाबतीत ते अडवलं की श्वासनळ्या आवळणारी दुसरी रसायनं भरमसाट तयार होतात. त्यामुळे ते काम करणारं औषध कुठलंही असो, धोका तोच. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, सगळी त्याच घरातली. कॉम्बिफ्लाम आपण पॅरासिटॅमॉलचीच बहीण समजतो, पण तिच्यात आयब्युप्रोफेन असतं. नुसतं पॅरासिटॅमॉल साध्या मात्रेत बहुतेकांना चालतं, तरी तुला किती चालेल ते त्याच डॉक्टरांकडून लिहून घे.

आपल्याकडे हाड मोडलेला माणूस आत आणला की एक्स-रे निघायच्या आधी दोन सुया बसतात, एक टीटीची आणि एक दुखण्याची. टीटीचं तुला काही नाही. दुसरीचं काय ते तू भोगलंयस. आणि उद्या छातीत दुखलं तर? आपण दोघी आता त्या वयाला आलो. हार्ट अ‍ॅटॅकची शंका आली की पहिल्या मिनिटाला ३०० मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चघळायला देतात. लाखो माणसं त्या गोळीने वाचतात, आणि द्यायलाच हवी. तुझ्याबाबतीत मात्र देण्याआधी कुणीतरी थांबलं पाहिजे. थांबवणार कोण? भाऊजी शाळेत, मुक्ता पुण्यात.

माझी गोष्ट तुला ठाऊक आहे, पण एक भाग तुला कधी नीट सांगितला नाही. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप गेली, धातूची बसवली, आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची वॉरफॅरिनची गोळी चालू आहे. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा, मेथी-पालक आज पातेलंभर आणि उद्या काहीच नाही असं करायचं नाही, हे सगळं अंगवळणी पडलंय. पोवई नाक्याजवळ खडीवरून माझी गाडी घसरली ते आठवतं ना? कपाळाला टेंगूळ, कोपराला खरचटलेलं, बाकी काही नाही. लोकांनी जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. मी जागी होते पण भांबावलेली होते. नाव विचारलं तर माहेरचं सांगत होते.

तिथे एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती. तिने नाडीसाठी माझा हात धरला, तेवढ्यात पट्टी तिच्या बोटाला लागली. तिने ती उलटी करून उजेडाकडे धरली आणि मोठ्याने वाचलं, 'मेटल व्हॉल्व्ह, वॉरफॅरिन.' ट्रेमध्ये सुई भरून ठेवलेली होती ती तिने बाजूला सरकवली. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, आणि एवढ्याशा टेंगळासाठी मला डोक्याच्या सीटीला पाठवलं. रक्त पातळ असलेल्या माणसाला वरून काही दिसत नसताना आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि कमरेत सुई मारली तर तिथे गाठ धरते. सीटी स्वच्छ आला. पण त्या पोरीने पट्टी वाचली नसती तर मी टेंगळावर बर्फ लावून घरी येऊन झोपले असते.

ही पट्टी निघाली कुठून, तेही ऐक. कॅलिफोर्नियातलं टरलॉक नावाचं गाव, साल १९५३. लिंडा कॉलिन्स नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीचं बोट कापलं. त्या काळी धनुर्वातावर घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविष टोचत, आणि सोसतं का ते बघायला आधी थेंबभर देत. त्या थेंबानेच पोरगी मरता मरता वाचली. वडील स्वतः डॉक्टर. त्या वेळी निभावलं, पण ही घराबाहेर पडली की काय, ही काळजी आईवडिलांना लागून राहिली. शेवटी त्यांनी तिच्यासाठी चांदीचं कडं घडवून त्यावर तिला काय चालत नाही ते कोरून घेतलं. ज्याला त्याला तसं कडं मिळावं म्हणून १९५६ साली त्यांनी संस्था काढली, तीच मेडिकअलर्ट. मला या गोष्टीत भावतं ते हे, की ज्याच्या हातात इंजेक्शन असतं त्या डॉक्टरलाच ही गरज पहिल्यांदा कळली.

आता तुझ्या पट्टीवर काय असावं. तू म्हणालीस, घालायचीच झाली तर रक्तगट टाकू. नको. जागा फुकट जाईल. कडं वाचून कुणी रक्त चढवत नाही. गट पुन्हा तपासतात, पिशवीशी जुळवून बघतात आणि मगच लावतात. रक्तगट कोरावा तो बॉम्बे गटवाल्यांनी. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला हा गट नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण त्या माणसाला 'ओ'चं रक्त दिलं तर जिवावर बेततं. त्याला फक्त त्याच्याच गटाचं चालतं. तुझा बी पॉझिटिव्ह गावभर आहे.

तर वरच्या बाजूला तो लाल सापाचा दंड, म्हणजे डॉक्टरी खूण, हवाच, नाहीतर ती नुसती बांगडी वाटते. मागे इंग्रजीत, ठळक: 'अ‍ॅस्पिरिन आणि सर्व एनएसएआयडी वर्ज्य' (एनएसएआयडी म्हणजे वर सांगितलेली त्या एकाच घरातली दुखण्याची औषधं), त्याखाली 'दमा', त्याखाली मुक्ताचा नंबर. बस. रोजच्या गोळ्या आणि पंप त्यावर नको, ते बदलतात. ती यादी चिठ्ठीवर, आणि चिठ्ठीही नवीन करून घे. इंग्रजी अशासाठी की तू दर उन्हाळ्यात दिराकडे हैदराबादला जातेस. तिथल्या नर्सला आपलं मराठी कुठून वाचता येणार?

सोन्याची करू असं सासूबाई म्हणतील. त्यांना माझा नमस्कार सांग आणि नको म्हणून सांग. दवाखान्यात माणूस आत घेतला की पहिलं वाक्य असतं, 'दागिने काढून नातेवाइकांकडे द्या.' सोन्याची पट्टी पाटल्यांबरोबर रुमालात बांधून भाऊजींच्या खिशात जाईल. चांदी काळी पडते आणि अक्षरं झिजतात. स्टीलचीच घे, सर्जिकल स्टील म्हणून माग, म्हणजे घामाने पुरळ यायची शक्यता कमी. भांड्यांवर नाव घालून देणाऱ्याकडे मी पहिली पट्टी नेली होती. त्याने हौसेने कोरली, पण ठिपक्याठिपक्यांची ती अक्षरं चष्मा लावूनही लागत नव्हती. ट्रॉफीवर नावं टाकणाऱ्यांकडे लेझरचं मशीन असतं. अक्षरं काळी उमटतात आणि साबणा-भांड्यात जात नाहीत. उजव्या हातात घाल. डाव्यात तुझं घड्याळ, बांगड्या आणि देवीचा धागा, त्या गर्दीत ती कुणाला दिसायची नाही.

एक मात्र नीट समजून घे, पट्टी म्हणजे औषध नव्हे. तसा झटका पुन्हा आला तर पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अ‍ॅलर्जीवरचं एव्हिल आणि स्टेरॉइड त्यानंतर. ती हळू चढतात आणि अ‍ॅड्रेनलिनची जागा घेऊ शकत नाहीत. परदेशात त्याचं तयार पेन लोक खिशात घेऊन फिरतात. आपल्याकडे ते दुकानात सहज मिळत नाही, म्हणून तुझ्यासाठी काय सोय करायची हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव. भाऊजींना सोबत ने.

आणि आता ते दुसरं कारण. मुक्ताला बघायला माणसं येणार, चहाचा ट्रे धरलेल्या तुझ्या हाताकडे त्यांचं लक्ष जाणार, आणि 'आईला काहीतरी आहे, मुलीत उतरलं असेल' असं म्हणणार. शैला, मी हे हसण्यावारी नेत नाही. माझ्या लग्नाच्या वेळी झडपेची गोष्ट लपवा म्हणून सांगणारे किती होते, ते तू पाहिलंयस. पण तुझा हा त्रास सहसा मोठेपणीच, तिशी-चाळिशीत उद्भवतो, आणि मुक्ताला तो आहे असं त्यावरून मुळीच ठरत नाही. कुणी विचारलंच तर एवढंच सांग.

माझ्या आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ते कुणाकडे जेवायला गेले तर त्यांना काही सांगावं लागत नसे. माळ बघून घरची बाई मटणाचं पातेलं बाजूला ठेवायची आणि त्यांच्यासाठी वेगळी भाजी टाकायची. कुणी त्यांना बिचारं म्हटलं नाही, उलट पाट आधी त्यांचा मांडला जायचा. तुझ्या पट्टीने तेवढंच करायचंय, मला हे चालत नाही असं समोरच्याला तू न बोलता सांगायचं. आणि जे घर ती पट्टी बघून नकार देईल, त्या घरात मुक्ता आजारी पडली तर तिचं कोण बघणार, याचा विचार तू आई म्हणून कर. मला तर वाटतं, पाहुणे यायच्या दिवशी ती मुद्दाम घाल.

ट्रॉफीवाल्याशी मी बोलून ठेवलंय. तुझ्या उजव्या मनगटाला दोरा गुंडाळ, एक बोट आत जाईल इतका सैल ठेव, फूटपट्टीवर मोज आणि आकडा मला कळव. डॉक्टरांकडून औषधांची नावं त्यांच्याच अक्षरात लिहून घे आणि त्याचा फोटो पाठव. मी माझ्या मनाने एकही शब्द कोरून घेणार नाही. नंबर मुक्ताचाच टाकायचा की भाऊजींचाही, तेही ठरव, दोन मावतात.

गुडघ्याला सध्या शेक घे आणि जिना कमी कर. कुणीही 'एक साधी गोळी घे' म्हणालं तर आधी पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव वाच. सासूबाईंना आणि भाऊजींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद. दिवाळीच्या सुट्टीत येणार आहेस ते नक्की ना?

तुझी,
उज्ज्वला